फोनवर व्हिडिओ अडखळतोय? मी केलेल्या या चुका टाळा

आमची आत्या इंदूरला रामबागेत राहते. तिच्या नातवाच्या मुंजीत मातृभोजनाचा व्हिडिओ मी माझ्या आयफोनवर काढला, चांगला नऊ मिनिटांचा, आणि लॅपटॉपवरून तिच्या नऊ हजारांच्या अँड्रॉइड फोनमधल्या कार्डावर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे व्हायच्या आत तिचा फोन. "अरे, सूनबाई ताटातून घास उचलते आणि तो एकदम बटूच्या तोंडातच दिसतो. मधला हात कुठे गेला? सनई मात्र नीट वाजतेय."

निदान त्या शेवटच्या वाक्यात होतं. मला ते कळायला आठवडा लागला आणि पाचशे रुपये गेले.

मी पहिलं काय सांगितलं असेल? "वायफाय बंद करून परत लाव." व्हिडिओ तिच्या फोनमध्येच पडलेला, नेटचा त्याच्याशी संबंध शून्य, तरी तोंडातून हेच निघालं. व्हिडिओ अटकला की नेटला शिव्या घालायच्या ही आपली सवयच झाली आहे.

तर आधी अडखळणं नीट बघा. चित्र आणि आवाज दोन्ही थांबले आणि मधोमध गोल चक्र फिरायला लागलं, तर डेटा पोचत नाहीये. आवाज अखंड चालू आहे पण चित्र उड्या मारतंय, तर डेटा पोचलाय, फोनला तो वेळेत उलगडता येत नाहीये. दोन्ही सुरळीत, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तर बहुतेक वेळा ब्लूटूथ इअरफोनचा उशीर असतो. इअरफोन काढून स्पीकरवर ऐका, लगेच कळेल. यूट्यूबवर खात्री करायची असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करता येतं. त्यात गाळलेल्या फ्रेमचा (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र) आकडा वाढत असेल आणि बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला पुढचा भाग, भरलेला असेल, तर नेट निर्दोष आहे. बफर शून्याकडे घसरत असेल तर खुशाल राउटरकडे वळा. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत नीट पोचत नाही, तिथे २.४ वर जोडलेलं बरं.

माझी दुसरी चूक महागात पडली. कार्ड स्लो असणार असं ठरवून मी जेल रोडला गेलो आणि नवीन मेमरी कार्ड घेऊन आलो. व्हिडिओ तस्साच. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "भिया, कार्ड तो मस्त है, फोन ही थक गया है." मला राग आला, पण हिशेब मांडला तर तो बरोबर होता. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के, सेकंदाला ६० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी घेतो. म्हणजे सेकंदाला पावणेसात एमबीच्या आसपास. क्लास १० चं (हा कार्डावर छापलेला वेगाचा दर्जा) कार्ड लिहिताना किमान १० एमबी प्रतिसेकंद वेग देतं, आणि वाचताना सहसा त्याहून जास्त. अगदी एवढ्या जड फाइललाही जुनं कार्ड पुरत होतं! खात्री करायला एक पैसा लागत नाही: फाइल कार्डावरून फोनच्या स्वतःच्या मेमरीत कॉपी करा आणि तिथून लावा. तिथेही अडखळली तर कार्डाला सोडून द्या. तिथे नीट चालली तरच कार्ड खराब किंवा नकली असल्याचा संशय घ्या. मात्र फोनची मेमरी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर सगळंच रखडतं. दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवा. ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो उडवले की बरीच जागा होते.

आता खरं दुखणं. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एका फ्रेममध्ये जवळजवळ ८३ लाख ठिपके. आत्याच्या फोनचा स्क्रीन ७२० गुणिले १६००. आडवा व्हिडिओ त्यात बसतो तेव्हा दिसतात जेमतेम सव्वानऊ लाख ठिपके. म्हणजे बिचारा फोन दिसणार त्याच्या नऊपट माल उलगडायचा आणि त्यातला बहुतेक फेकून द्यायचा, तेही सेकंदाला साठ वेळा. शिवाय फाइल एचईव्हीसीमध्ये बांधलेली. व्हिडिओ दाबून बांधायच्या या पद्धतींमध्ये एच.२६४ हे २००३ चं, एचईव्हीसी २०१३ चं, एव्ही१ २०१८ चं. जितकी नवी पद्धत तितकी घडी घट्ट: फाइल लहान होते, पण उलगडताना कष्ट जास्त. हे काम करायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, आणि स्वस्त चिपमध्ये त्याची मजल अनेकदा १०८०पी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, पर्यंतच असते. त्यापुढची फाइल आली की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो फ्रेम गाळत गाळत कसाबसा सनईबरोबर राहायला बघतो. सूनबाईचा हात गेला तो इथे.

सिनेमाच्या फाइलच्या नावात '१०-बिट' (रंगांच्या जास्त छटा साठवणारी फाइल) दिसलं तरी हीच शंका घ्या. बऱ्याच स्वस्त फोनना ते झेपत नाही.

उपाय अगदीच साधा निघाला. लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात फाइल टाकायची, 'फास्ट ७२०पी३०' हा तयार प्रीसेट निवडायचा आणि चहा प्यायला उठायचं. साडेतीन जीबीच्या वरची फाइल दोनशे एमबीच्या आत आली, एच.२६४ मध्ये. आत्याच्या स्क्रीनवर आधीच्या आणि नंतरच्या चित्रात मला तरी फरक दिसला नाही. खरं तर आधीच कॅमेरा १०८०पी, ३० वर ठेवला असता तर मिनिटाला ६० एमबीत भागलं असतं. यूट्यूबवर बघताना हेच काम क्वालिटी ४८० किंवा ७२० वर आणून होतं.

मधल्या आठवड्यात मी आणखी काही उपद्व्याप केले होते. कुठल्याशा व्हिडिओत बघून एमएक्स प्लेअर या व्हिडिओ ॲपचं डिकोडर (उलगडणारा भाग) 'एसडब्ल्यू'वर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, टाकलं, म्हणजे चिपचा तो खास भाग आपल्या हाताने बंदच केला. 'एचडब्ल्यू' (हार्डवेअर) किंवा 'एचडब्ल्यू+' राहू द्यावं. व्हीएलसी या दुसऱ्या ॲपमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन 'ऑटोमॅटिक' ठेवावं. हिरवे पट्टे आले किंवा आवाज येतोय आणि पडदा काळा असं झालं, तरच एसडब्ल्यू करून बघा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये शिरून 'डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज' चालू करायचा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने स्क्रीनवरचं सगळं जुळवण्याचं काम जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या प्रोसेसरच्या, गळ्यात पडतं. ते बंदच बरं. रॅम बूस्टर ॲप टाकू नका. व्हर्च्युअल रॅम वाढवून व्हिडिओ सुधारत नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल तर काढा.

उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आत्या दुपारी फोन चार्जिंगला लावून, जाड कव्हरात, उशीला टेकवून मालिका बघते. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून पहिली दहा मिनिटं ठीक आणि मग रडगाणं सुरू. चार्जर काढा, कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. शेजारच्या काकांनी फोन थेट फ्रीजरमध्ये ठेवला होता. बाहेर काढल्यावर बाष्प धरलं आणि स्पीकर गेला.

एका गोष्टीसाठी फोनला दोष देऊ नका. सिनेमात कॅमेरा संथपणे आडवा फिरताना हलके झटके जाणवतात, ते महागड्या फोनवरही असतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, स्क्रीन ६० हर्ट्झचा. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा दाखवायची, पुढची तीनदा, असं चालतं.

नवी फाइल घेऊन रविवारी रामबागेत गेलो. आत्याने चष्मा लावला, मातृभोजन सुरुवातीपासून बघितलं, मग बोटाने मागे ओढून परत बघितलं.

"आता हात दिसला. आणि घासावर तूप नाही, हेही दिसलं."