समुद्री टाकीतलं शेवाळ: रविवारी हात घालण्याआधी

रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं की जलपर्णी माजते आणि पाणी हिरवं पडतं, हे कोल्हापुरात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. घरातल्या खाऱ्या टाकीचंही (समुद्री मासे-प्रवाळ पाळायच्या काचेच्या टाकीचं) गणित तेच आहे, शेवाळाचं खाद्य असलेले नायट्रेट आणि फॉस्फेट. म्हणून तयारी ब्रशपासून नाही, पाण्यापासून सुरू करा.

शनिवारी सकाळी दोन्हींची चाचणी करून आकडे वहीत टिपा. केसाळ शेवाळ दाट वाढलं असेल तर फॉस्फेट तेच ओढून घेतं, त्यामुळे शून्य आकडा दिसला तरी निर्धास्त होऊ नका. मग शेवाळ नीट ओळखा. नव्या टाकीत वाळूवर येणारा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातलं सिलिकेट संपलं की तो आपोआप ओसरतो, त्याच्यामागे लागू नका. लालसर-जांभळी, सायीसारखी निघणारी चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. ती घासायची नाही, नळीने ओढून घ्यायची. हिरव्या मण्यांसारखं बबल शेवाळ टाकीत कधीच फोडू नका, खडक बाहेर काढून अख्खा मणी सोडवा.

आता पाणी, आणि इथे घाई नको. २०० लिटरच्या टाकीत ४० लिटर बदलायचं तर ते शनिवारी दुपारपासूनच गाळायला लावा. स्वयंपाकघरातला आरओ चालेल असं वाटतं, पण त्यातलं मिनरलचं काडतूस पाण्यात परत क्षार सोडतं, आणि ‘कॉपर’वाला असेल तर त्या तांब्यापासून गोगलगायी आणि झिंग्यांच्या जिवाला धोका. वेगळा आरओ घ्या, त्याला उरलेसुरले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी जोडा आणि टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य आल्याशिवाय पाणी वापरू नका. साधारण दीड किलो सागरी मीठ घाला (जेवणातलं मीठ अजिबात नाही), छोटा पंप रात्रभर फिरू द्या, सकाळी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आणि तापमान टाकीइतकंच आहे ना, बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले होते. म्हणून जूनच्या आत गाळलेल्या पाण्याचे दोन झाकणबंद पिंप भरून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅन भरून आणायचा मोह टाळा, किनाऱ्याजवळच्या पाण्यात शेवाळाचं खाद्य आणि बीज दोन्ही येतं. तिथून प्रवाळाचा तुकडा उचलणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

हाताशी दोन बादल्या, नवा कडक टूथब्रश, नळी, जुने टॉवेल. खडक टाकीतूनच काढलेल्या पाण्यात घासा, नळाखाली नको, क्लोरीनने त्यावरचे उपयोगी जिवाणू मरतात. सुटलेला प्रत्येक धागा बाहेर गेला पाहिजे. स्किमरचा (फेसातून घाण काढणारं यंत्र) कप धुवा, फिल्टरचा कापडी मोजा बदला. फॉस्फेट शोषणारे दाणे निम्म्या मात्रेनेच सुरू करा. फॉस्फेट एकदम खाली आणलं तर प्रवाळ खचतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं की डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतात, त्यांच्यापुढे हे केसाळ शेवाळ फार सोपं होतं.

दिव्याचा टायमर आठ तासांवर आणा, खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा लावा. गोठवलेलं खाद्य चाळणीत धुऊनच द्या.

टर्बो गोगलगायी मात्र सफाई झाल्यावरच आणा. लांब वाढलेल्या शेवाळाला त्या फारशा तोंड लावत नाहीत, आखूड उरलेलं मात्र मनापासून खातात. टाकीत सोडण्याआधी तासभर थेंबाथेंबाने टाकीचं पाणी त्यांच्या भांड्यात पडू द्या. आणि आकड्यांच्या त्याच पानावर पुढच्या शनिवारचा रकाना आत्ताच आखून ठेवा.