जुना स्नोब्लोअर दुरुस्त करायला घेतलाय? इंजिनच्या आधी पुढचं ऑगर बघा

कोणाच्या तरी गॅरेजच्या कोपऱ्यात सात-आठ वर्षं धूळ खात पडलेला स्नोब्लोअर, म्हणजे वाटेवरचा बर्फ ओढून बाजूला फेकणारं मशीन, दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात. मालक म्हणतो गेलाय तो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो गेलेला वगैरे काही नसतो, नुसता तुंबलेला असतो. पण एक गोष्ट आधीच सांगतो, सगळे जण आधी इंजिनच्या मागे लागतात, ते चालू झालं की टाळ्या पिटतात आणि पहिल्या मोठ्या बर्फात पुढचा गिअरबॉक्स फोडून बसतात. मीही तेच केलंय, ते खाली येईलच.

हे काम उन्हाळ्यात काढा. थंडीत गारठलेल्या बोटांनी कार्बोरेटरचा बारीकसा स्प्रिंग शोधायचा म्हणजे नको तो छंद.

काहीही उघडायच्या आधी इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा, आणि टाकीतलं जुनं पेट्रोल मोकळ्या हवेत डब्यात काढा. अजून एक, बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे शूटमध्ये, हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. आत काही अडकलेलं असेल तर पट्ट्यात ताण साठून राहिलेला असतो, अडकलेलं सुटलं की पातं झटक्यात फिरतं. काठी वापरा.

आता ऑगर. पुढे तोंडात जे मळसूत्रासारखं आडवं पातं असतं ना ते. दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये हे ऑगर बर्फ मध्ये ओढतं आणि मागचा पंखा, इम्पेलर, तो शूटमधून लांब फेकतो. ऑगरचे दोन अर्धे भाग मधल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नुसते सरकवलेले असतात आणि प्रत्येकाला शाफ्टशी बांधून ठेवतो तो मऊ बोल्ट, शिअर पिन. दगड आला की पिन तुटते, ऑगर शाफ्टवर मोकळं फिरतं, गिअरबॉक्स वाचतो. फ्यूजसारखंच. पण वर्षानुवर्षं ग्रीस घातलं नाही की ऑगर शाफ्टला गंजून चिकटतं, आणि मग पिन तुटूनही काही उपयोग नाही कारण गंजच पिनचं काम करतोय, सगळा झटका सरळ आतल्या गिअरवर जातो. तिथलं दात्यांचं चाक बऱ्याचदा ब्राँझचं असतं, त्याचे दात सोलून निघतात.

तपासायचं सोपं आहे. दोन्ही बाजूच्या पिन काढा आणि ऑगर हाताने फिरवून बघा. हातात जाड मोजे घाला, कडा धारदार असतात. शाफ्ट जागेवर राहून ऑगर एकटं फिरलं तर नशीब. दोन्ही एकत्र फिरले तर चिकटलंय. मग गंज सोडवणारं तेल पिनच्या भोकातून आणि दोन्ही टोकांकडून सोडायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शाफ्ट पक्का धरून ऑगर पाईप पान्याने दोन्ही दिशांना हलवायचं, परत तेल, परत हलवायचं. एकदा मला चार दिवस लागले आणि पाचव्या दिवशी कट्ट असा आवाज येऊन सुटलं. हातोडा मारत सुटू नका, गिअरबॉक्सचं कवच ओतीव असतं, तडकतं. सुटल्यावर ग्रीसची निपल असतील तर ग्रीस गन लावून ऑगर फिरवत फिरवत टोकातून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.

आणि पिनच्या जागी पिनच घाला. मी एकदा पिन सापडेना म्हणून डब्यातला कडक बोल्ट ठोकला, दिसायला सेम टू सेम, आणि दोन आठवड्यांनी बर्फाखाली गोठलेलं पायपुसणं ऑगरमध्ये आलं. बोल्टला काही झालं नाही. गिअरबॉक्सचे दोन तुकडे.

आता इंजिन. आधी प्लग काढून ठिणगी बघा, म्हणजे जुना प्लग वायरला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा आणि दोरी ओढायची, आसपास पेट्रोलचा डबा नको. काही मशीनना एक साधी प्लास्टिकची चावी खोचायची असते, ती नसेल तर ठिणगी येतच नाही आणि माणूस अर्धा दिवस ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉईलला शिव्या घालतो. ठिणगी असेल तर नवीन प्लग घाला, बऱ्याच जुन्या इंजिनांना प्लगच्या टोकांमधली फट, गॅप, ०.०३० इंच म्हणजे पाऊण मिलीमीटरच्या आसपास लागतो. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ताजं पेट्रोल आत सोडून प्लग परत घट्ट बसवा आणि दोरी ओढा. दोन-तीन सेकंद भडभडून बंद पडलं तर निदान झालं, इंजिन ठीक आहे, पेट्रोल पोचत नाहीये, दोष कार्बोरेटरचा.

जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे वार्निशसारखा तपकिरी चिकट थर राहतो. त्यात इथेनॉल असेल तर ते पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पांढरी पूड जमते. कार्बोरेटर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची दांडी आणि स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर काही केल्या आठवत नाही. खालची वाटी काढा, आतल्या तरंगत्या फ्लोटची पिन सरकवा, फ्लोट आणि त्याची पेट्रोल अडवणारी सुई, नीडल, हलकेच बाहेर. आता बघा, टेकमसे कंपनीच्या इंजिनांच्या बऱ्याच जुन्या कार्बोरेटरमध्ये वाटी धरणारा नटच मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भाग, असतो, त्याला आडवी एक-दोन केसाएवढी भोकं असतात, लोक वाटी चकचकीत करतात आणि नट तसाच परत लावतात. तो उजेडात धरा, भोकातून आरपार दिसलं पाहिजे. क्लीनर मारा, बारीक तांब्याची तार घाला, ड्रिल नको, भोक मोठं झालं की कायमचं बिघडलं. डोळ्यांवर चष्मा हवाच, क्लीनर उलटा फिरून बरोबर डोळ्यात येतो. (टेकमसेने २००८ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण त्यांची इतकी मशीन अजून चालू आहेत की कार्बोरेटरचं किट आरामात मिळतं.)

इंजिन चालू होऊन वर-खाली, वर-खाली असं हुंकार देत राहिलं तर अजून एखादं बारीक भोक तुंबलंय, परत खोला. एअर फिल्टर सापडत नाही म्हणून घाबरू नका, बर्फात धूळ नसते आणि फिल्टर ओला होऊन गोठतो म्हणून बऱ्याच स्नोब्लोअरना तो नसतोच. ऑईल बदला, थंडीला ५ डब्ल्यू ३० बहुतेकांना चालतं. पेट्रोलचा रबरी पाईप वाकवल्यावर भेगा दिसल्या की फेकून द्या.

इंजिन चालतंय पण मशीन पुढे जात नाही? खालची प्लेट उघडा. आत एक गुळगुळीत फिरती तबकडी असते आणि तिला काटकोनात टेकणारं रबराच्या कडेचं चाक. चाक तबकडीच्या मध्याजवळ असलं की मशीन हळू, कडेकडे सरकलं की जोरात, आणि मध्य ओलांडून पलीकडे गेलं की रिव्हर्स. बस्स, एवढाच गिअरबॉक्स, मला तर हे बघून पहिल्यांदा हसूच आलं होतं. रबर झिजलं असेल तर बदला, तबकडीवर ग्रीस उडालं असेल तर पुसून काढा, तिथे एक थेंबही नको. पट्टे बदलताना बऱ्याच मशीनचे बोल्ट काढून दोन भाग करावे लागतात, तेव्हा दोन्ही बाजूंना खाली ठोकळे लावा नाहीतर पायावर येतं.

तोंडाच्या खालची घासपट्टी आणि बाजूचे स्किड शूज, म्हणजे ज्यांवर तोंड जमिनीवरून घसरतं ते पाय, उलटे करून लावता येत असतील तर लावा, खडीच्या वाटेवर तोंड जरा उंच ठेवा.

ट्रायल बाहेर उघड्यावरच घ्या, दार उघडं ठेवून गॅरेजमध्येही नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पाच मिनिटं चालवून बंद करा, प्लगची वायर काढा आणि सगळे नट परत एकदा आवळा, पहिल्या ट्रायलला एखादा तरी सैल होतोच. आणि सीझन संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, टाकीत उरलेलं काढून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो जेटचा नट परत उजेडात धरत बसायला नको.