सड्यावरची आमरी बघायला जाताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला एकच प्रश्न येतो : पाचगणीची आमरी (सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माथ्यावर, उगवणारं ऑर्किड) नेमकी कुठे दिसेल? नेमकी जागा मी कुणालाही सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका. फोटो टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका, मागचा ओळखीचा कडाही दिसू देऊ नका.

ज्यांना आमरी म्हटलं की झाडाला लगडलेले तुरेच आठवतात, त्यांना ती शेजारून गेले तरी दिसत नाही. पाचगणीची आमरी, शास्त्रीय नाव हबेनारिया पांचगणीएन्सिस, जमिनीतल्या कंदातून उगवते, फुलं हिरवट असतात आणि गवतात मिसळून जातात. पश्चिम घाटाबाहेर ती सापडत नाही.

आता ज्या चुकीने माझा जीव सर्वात जास्त तुटतो ती. मोकळी पार्श्वभूमी मिळावी म्हणून भोवतालचं गवत उपटणं. सातारा जिल्ह्यातल्या एका सड्यावर मी एका रोपावर तीन पावसाळे नजर ठेवून होतो. तिसऱ्या वर्षी दांडा आला. चौथ्या दिवशी गेलो तर भोवती हातभर जागा स्वच्छ केलेली, गुडघ्यांचे दोन खड्डे आणि दांडा वाऱ्याने आडवा. गवताचा आधार गेला होता, आडोसाही. त्याहून मोठं नुकसान त्या खड्ड्यांत होतं. फुललेल्या एका रोपाच्या आसपास नुसतं पान काढून बसलेली रोपं असतात, त्या वर्षी कंदात अन्न साठवणारी. तिथे तशी पाच होती. चार चिखलात दाबली गेली. फोटो काढणाऱ्याला ती दिसलीच नसणार, कारण तो फुलापर्यंत घाईने पोचला होता. हबेनारिया या गणातल्या काही जातींचं पान तर जमिनीला चिकटूनच असतं.

मी स्वतः उघड्या जांभ्यावरूनच चालतो. फूल दिसलं की आहे तिथेच दहा मिनिटं बसतो, पायाखालची पानं मोजतो, मगच कॅमेरा काढतो. फुलापर्यंत खडकावरून जाता येत नसेल तर लांबून फोटो काढतो. तो धूसर येतो, येऊ दे.

कंद उपटून कुंडीत लावू नका. ‘थोडी तिथली माती घेतली की जगते’ असं सांगणारे भेटतात, पण मी पाहिलेली अशी सगळी रोपं पुढचा पावसाळा गाठू शकली नाहीत. आमरीच्या धुळीसारख्या बारीक बीमध्ये अन्नसाठा नसतो. मातीतली ठरावीक बुरशी मिळाली तरच ते रुजतं. सड्यावर खडकावर वीतभरही माती नसते, पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात सगळं कडक वाळतं आणि कंद जमिनीखाली झोपतो. हे कुंडीत कसं आणणार?

सड्यावर झाडं लावणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो : ती जागा पडीक नाही. रोपासाठी खड्डा खणला की तेवढी माती उलथते आणि झाड वाढलंच तर सावली पडते. आमरीला ऊन लागतं.

गुरांना वर्षभर बंदी घालणंही मला पटत नाही. चराई साफ थांबली की उंच, दाट गवत माजतं आणि बुटकी रोपं दबतात. गावकरी शेंगा पिकून बी उडाल्यावर गुरं सोडतात, तेच बरं. कापणीही त्यानंतरच.

फुलाला हात लावून वास घेऊ नका. परागांचे गठ्ठे बोटाला चिकटून येतात आणि ते पराग वाया जातात.

शेवटी टॉर्च. पांढऱ्या हबेनारियांच्या अनेक जातींना अंधार पडल्यावर सुगंध येतो, लांब सोंडेचे पतंग मधासाठी येतात आणि परागांचे गठ्ठे घेऊन पुढच्या फुलावर जातात. संध्याकाळी थांबणार असाल तर खडकावर बसा आणि टॉर्च पिशवीतच राहू द्या. निघताना लावली तरी प्रकाश पायाशीच ठेवा.