गुडघा वाकण्याआधी सरळ करा

गुडघा बदलायचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या घरी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती वाकला?" डोंबिवलीत घरोघरी जाऊन मी फिजिओथेरपी देते. मी उलट विचारते, "सरळ किती होतो?" नव्वद अंश वाकला की खुर्चीतून बऱ्यापैकी उठता येतं, पुढचं वाकणं हळूहळू येतं. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतच चालतो आणि मग कंबर कुरकुरायला लागते.

म्हणून आधी ती गुडघ्याखालची उशी काढा. घरचे प्रेमाने ठेवतात, बरंही वाटतं, आणि गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहतो आणि पायाच्या वजनाने आपोआप खाली जातो. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग गुडघा गादीत दाबा, मांडी घट्ट करा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. झोपल्या झोपल्या चवडे वर-खाली हलवत राहा, पायातलं रक्त खेळतं राहतं. वाकवायचा व्यायाम म्हणजे टाच गादीवरून घसरवत आपल्याकडे आणणं. वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी घेतली की हे सगळं सुसह्य होतं. गोळी न घेता दात-ओठ खाण्यात काही मर्दुमकी नाही.

चालताना क्रम असा: वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. आधी टाच टेकवा. पावलं लहान चालतील, पण दोन्ही सारखी हवीत. नजर समोर, जमिनीकडे बघत चाललात की पाठ वाकते आणि भीतीही वाढते. पायपुसणी आणि सुट्या चटया उचला. बाथरूमची फरशी कोरडी ठेवा, कमोडजवळ दांडी बसवून घ्या. आणि हो, सुनेला सांगा, पाण्याचा प्रत्येक ग्लास हातात आणून देऊ नकोस. स्वयंपाकघरापर्यंतची फेरी हाही व्यायामच आहे.

वॉकर सुटला की काठी येते, आणि जवळजवळ सगळे ती चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. जिन्यावर कठडा धरून चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. दोन्ही गुडघे बदलले असतील तर त्यातला जोरदार तो चांगला. आमच्याकडे लिफ्ट नसलेल्या इमारती भरपूर, त्यामुळे हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या आधीच जिना करून घ्या, असं मी म्हणते.

सूज आणि गुडघ्याची ऊब काही महिने राहू शकते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, कधी आत टकटक होतं; एवढ्याने घाबरू नका. व्यायामानंतर कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, पाय उंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज जास्त दिसली तर व्यायाम कमी करा, बंद नको. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. छातीत दुखलं, दम लागला तर थेट हॉस्पिटल. आणि दुखरी पोटरी तेल लावून चोळायला मालिशवालीला बोलवू नका; आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

बाहेर पडताना सुरुवात सोसायटीच्या आवारात, कुणीतरी सोबत घेऊन. मग सकाळी, गर्दी नसताना, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. रस्त्यावर काठी न्यायला लाजू नका. तुम्हाला तिची गरज फारशी उरली नसली तरी रिक्षावाल्याला ती दिसते, तो थोडा थांबतो. घरात काठीशिवाय न लंगडता चालता यायला लागलं की मग बाहेरची सोडा. मांडी घालून बसायचं मात्र सर्जनना विचारूनच. तोवर पूजेला देव्हारा उंचावर घ्या आणि खुर्चीत बसा.