श्रावणात लाकडी फरशी घासून घेऊ नका, आणि आणखी काही चुका

पार्ल्याच्या घरी झोपायच्या खोलीत आम्ही सागाच्या पट्ट्या बसवून घेतल्या. त्याच वर्षी जुलैत एकदा अनवाणी चालताना तळव्यांना काहीतरी टोचल्यासारखं झालं. वाकून हात फिरवला, तर प्रत्येक पट्टीच्या कडा वर आलेल्या आणि मधला भाग खोलगट. मिस्त्री म्हणाला, "एक हात मशीन मारतो, सपाट होईल." ऑगस्टमध्ये घासून पॉलिश झालं, खोली झकास दिसायला लागली. जानेवारीत त्याच पट्ट्या मधून फुगलेल्या!

चूक मशीनची नव्हती, महिन्याची होती. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. त्यात पट्टी फुगते ती रुंदीला, लांबीला जवळजवळ नाहीच. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. शिवाय खालच्या कोब्यातून ओल येत असेल तर पट्टीचा तळ जास्त फुगतो आणि कडा उचलल्या जातात. आम्ही त्या फुगलेल्या कडाच तासून टाकल्या. हिवाळ्यात लाकूड सुकून मूळ आकारावर आलं तेव्हा कडा कमी पडल्या, मधलं पोट वर राहिलं.

म्हणून कडा उचललेल्या दिसल्या की आधी पाणी शोधा. बाथरूमची भिंत, एसीचा ड्रेन पाइप, पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत, बहुतेक वेळा यांतलंच एक निघतं. ते बंद करा आणि थांबा. पुष्कळदा फरशी आपोआप खाली बसते. घासायचीच असेल तर कोरड्या दिवसांत, आणि मिस्त्रीकडे ओलावा मोजायचं मीटर आहे का ते विचारून.

दुसरी चूक रोजची: बादली, फिनेल आणि निथळणारं फडकं. टाइल्सला चालतं, पट्ट्यांच्या सांध्यांतून मात्र पाणी आत उतरतं. व्हिनेगर आणि वाफेचा मॉपही नको. आधी मऊ झाडूने कचरा काढा, मग मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून फिरवा. पुसलेलं मिनिटाभरात वाळलं पाहिजे. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, एवढ्या पाण्यात पाटसुद्धा पुसला जात नाही." जातो. दोन दिवसांत त्यांनाही पटलं.

झाडू मात्र रोज हवाच. आम्ही चपला दाराबाहेर काढतो, पण शेजारच्या रिडेव्हलपमेंटची बारीक रेती खिडकीतून येते. ती पायाखाली सॅंडपेपरचं काम करते.

चमक गेली म्हणून खोबरेल किंवा मेण चोळू नका. पीयू पॉलिशवर (पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर) ते मुरत नाही, चिकट थर होतो, धूळ धरतो आणि पुढे नवा हात त्यावर बसत नाही. पॉलिश शाबूत आहे का ते पाहायला पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा राहिला तर ठीक. शोषला जाऊन लाकूड गडद झालं तर पॉलिश झिजलंय.

डागाचा रंगही पाहा. पांढुरका डाग पॉलिशच्या थरात असतो, बऱ्याचदा वाळला की फिका पडतो. काळा डाग लाकडापर्यंत पोचलेला असतो. आमच्याकडे लोखंडी स्टँडवरच्या कुंडीखाली असं काळं वर्तुळ पडलंय. सागातलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की असं होतं. ते पुसून जात नाही.

हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये फटी दिसल्या तर लगेच लांबी (पुट्टी) भरू नका, पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या की ती दाबली जाऊन बाहेर येते. भिंतीलगत साधारण १० मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते, स्कर्टिंगखाली झाकलेली. "ताई, गॅप राहिलाय," म्हणत कोणी ती सिमेंटने बुजवायला निघाला तर हात धरा. फुगायला जागा नसली की पट्ट्या मधूनच उचलतात.

पट्टीजवळ पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा, भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्हींत पॉलिशवाल्याच्या आधी पेस्ट कंट्रोलवाला.

आमच्या फुगीर पट्ट्या अजून तशाच आहेत. फेब्रुवारीत घासून घ्यायच्या ठरवल्यात, आता मिस्त्रीला फेब्रुवारीतच वेळ मिळाला म्हणजे झालं.