जांभ्याच्या दीपमाळेवरचं काळं शेवाळ काढताना

पावसाळा सरला की कोकणातल्या दीपमाळा आणि तुळशीवृंदावनं काळीठिक्कर दिसू लागतात. तो धुरकटपणाच असेल असं नाही. कोरड्या डागावर पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा. हिरवी झाक आली, तर ते जिवंत नील-हरित शेवाळ. रंग तसाच राहिला, तर बहुधा काजळी किंवा तेलाचा थर.

काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. बोट फिरवल्यावर भुकटी आली तर तो भाग सोडून द्या. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, वारं लागून वरून कडक होतो. ते कवच खरवडलं की आतला मातकट भाग उघडा पडतो, आणि पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. म्हणून तारेचा ब्रश, प्रेशर पंप नको. अ‍ॅसिड तर नकोच, चुन्याच्या दरजा (दगडांमधले सांधे) खातं. ब्लीचिंगने दगड चार दिवस उजळतो, पण मागे राहिलेले क्षार पापुद्रे उडवतात.

शेवाळ मारायला बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक औषध वापरा. 50 टक्क्यांचं 40 मिली घ्या, पाणी घालून एक लिटर करा. हे झालं 2 टक्क्यांचं द्रावण. आधी मागच्या बाजूला वीतभर जागेत लावून बघा. हातमोजे, चष्मा हवाच. विहिरीत, तळीत थेंबही जाऊ देऊ नका, मासे मरतात. दगड आधी साबणाने धुऊ नका, साबणामुळे औषध निकामी होतं. संध्याकाळी, कोरड्या दगडावर ब्रशने लावा. उन्हात ते मुरण्याआधीच सुकतं. दोन आठवड्यांनी तपकिरी पडलेला थर पाण्याने भिजवून नायलॉनच्या मऊ ब्रशने काढा. खालचा भाग आधी ओला ठेवा, म्हणजे वरून येणाऱ्या घाण पाण्याचे ओघळ उमटत नाहीत.

राखाडी गोल चकत्या दिसतात त्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंद. त्यांचे तंतू दगडात शिरलेले असतात. कोरड्या ओढल्या तर दगडाचे कण घेऊनच निघतात. औषधानंतर महिनाभर थांबा, भिजवा, बांबूच्या पातीने हलकेच उचला. काळ्या पाषाणाच्या वीरगळावर त्या पातळ असतील आणि कोरीवकाम झाकत नसतील, तर राहू द्यात.

एवढं करूनही दोन पावसाळ्यांत डाग परतले, तर दरजा बघा. सिमेंटने भरल्या असतील तर दगडातलं पाणी कोंडतं. त्या उकरून चुन्याने भरून घ्या. ऑइल पेंटखालीही तेच होतं. वर टेकलेली फांदी छाटा, जोत्याशी साचणारं पाणी चर काढून बाहेर वळवा.