अलास्कात छोट्या विमानाने गावी जाताय? या चुका टाळा

अलास्कातल्या बहुतेक गावांना बाहेरून येणारा रस्ताच नाही. पश्चिम अलास्कातल्या बेथेल शहरापर्यंत जेट मिळतं. पुढे कुस्कोक्विम नदीकाठच्या गावांना सेसना 207 किंवा कॅरव्हॅन ही एका इंजिनाची छोटी विमानं. मोठ्या विमानतळांवरच्या सवयी इथेच नडतात.

वजन विचारलं की लोक लाजून चार-पाच किलो कमी सांगतात. असं अजिबात करू नका. इथे जाकीट-बुटांसकट माणसाचं वजन धरतात, त्यावर किती इंधन, किती सामान आणि कोण कुठे बसणार हे ठरतं. पायलटने दाखवलेली सीट खिडकीच्या हौसेपायी बदलून मागू नका, विमानाचा तोल त्यावर असतो. वजन जास्त झालं तर तुमची बॅग पुढच्या फेरीवर जाते, म्हणून औषधं आणि गरम कपडे अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. कडक सुटकेस शेपटीकडच्या अरुंद जागेत बसत नाही. मऊ डफेल बॅग घ्या.

सर्वांत महागात पडते ती परतीच्या दिवशीच अँकरेजहून पुढचं विमान धरायची घाई. ही छोटी विमानं बहुधा नजरेच्या भरवशावर उडतात. ढग खाली उतरले की उड्डाण थांबतं, कधी अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागतं. निदान एक दिवस हातचा ठेवा, हिवाळ्यात दोन. तिकीट दाखवून पायलटवर दबाव आणणं तर शुद्ध मूर्खपणा. त्यापेक्षा एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे) हवामान कॅमेरे इंटरनेटवर बघा: आत्ताच्या चित्राशेजारी त्याच जागेचं निरभ्र दिवसाचं चित्र असतं. त्यात दिसणारा डोंगर आत्ताच्या चित्रात गायब असेल, तर का थांबलोय हे विचारावं लागत नाही.

अस्वलांसाठीचा स्प्रे बॅगेत गुपचूप ठेवू नका. केबिनमध्ये तो फुटला तर पायलटच्याच डोळ्यांत जाईल. आधी सांगा. पाण्यावर उतरणारं विमान असेल तर तो अनेकदा खालच्या फ्लोटमध्ये, म्हणजे विमानाला तरंगवणाऱ्या पोकळ भागात, ठेवतात. स्टोव्हच्या इंधनाचंही तसंच, विचारल्याशिवाय आणू नका.

विमानाचा पंखा (प्रोपेलर) थांबलेला असला तरी त्याच्या जवळपास फिरकू नका. कपडे केबिनसाठी नव्हे, बाहेरच्या थंडीसाठी घाला. वाटेत कुठे उतरावं लागलं तर अंगावरचेच कामी येतात.

गावात पुष्कळदा खडीची धावपट्टी असते, बाकी काही नाही. सामान उतरवून विमान लगेच निघून जातं. न्यायला येणाऱ्याला बेथेलहून निघताना पुन्हा फोन करा, आधी सांगितलेली वेळ तोवर बदललेली असते.